मामाच्या पायाखालचा ब्रेक

आमच्या गल्लीत माझ्या मामाबद्दल जी बातमी फिरते आहे ती अशी: गाडी शिकवताना तो शिकाऊ बाईंच्या शेजारच्या सीटवर चक्क झोपला, घोरला, आणि गाडी फुटपाथवर चढून दिव्याच्या खांबाला धडकली. बातमी एकच, पण सांगणाऱ्यागणिक तिची चाल बदलते. खांबासमोरचा वह्या-पेनांचा दुकानदार आधी इकडे-तिकडे बघतो, मग आवाज खाली आणतो. "मी स्वतः बघितलं ना! डोळे मिटलेले. तोंड हे एवढं. पडजीभ दिसत होती हो, पडजीभ!" खालच्या मजल्यावरच्या काकू आधी सुस्कारा सोडतात, बातमी नंतर. "गोळ्या चालू आहेत म्हणे. डोक्याच्या. दिसतो मात्र किती साधा, नाही?" आणि इस्त्रीवाला, ज्याने काही म्हणजे काहीच पाहिलेलं नाही, तो सगळ्यांत ठाम. इस्त्री दाबून धरतो आणि म्हणतो, "दारू. लिहून घ्या."

दुरुस्ती करते. मामा झोपला नव्हता. घोरण्याचं म्हणाल तर तो रात्री झोपेतसुद्धा घोरत नाही, भिंतीपलीकडे मीच झोपते. त्याला जांभई आली होती. जांभई देताना माणसाचे डोळे मिटतात आणि तोंड उघडतं, हे दुकानदाराला ठाऊक असायला हरकत नव्हती, दिवसभर गल्ल्यावर बसून तो दुसरं काय करतो? दारूला मामा शिवत नाही. गोळीचं तेवढं खरं आहे. काकूंचं तेवढंच बरोबर, फक्त सूर चुकला.

हे मी मामाला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. पण माझी चूक गाळू नकोस." म्हणून गाळत नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतो, मधल्या खोलीत, जिथून सगळ्यांना न्हाणीघरात जावं लागतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. शिकवायच्या गाडीत स्टिअरिंग एकच असतं, ॲक्सिलरेटर एकच, ब्रेक मात्र दोन: एक चालवणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. हा दुसरा ब्रेक म्हणजे तुझ्या मामाचा स्वभाव, असं आई म्हणते, आणि कौतुकाने म्हणत नाही.

स्कूलमधली मुलं त्याला "आधीच सर" म्हणतात. लांब मांजर दिसलं, आधीच ब्रेक. सिग्नल हिरवा आहे पण कधीतरी लाल होणारच, आधीच ब्रेक. सायकलवाला सरळ चाललाय, पण वळला तर? आधीच. आणि वर ते बोलणं: "हळू... हळू... अजून हळू... हां, थांबलीच आहे, छान." शिकणाऱ्यांचे पाय गाडीत आपले पाहुण्यासारखे बसून असायचे. मग परीक्षेच्या दिवशी मामाच्या सीटवर परीक्षक बसायचा. परीक्षक ब्रेक मारत नाही, नापास करतो. आधीच सरांची मुलं रांगेने नापास व्हायची, आणि घरी येऊन मामा जेवायचा नाही. "माझ्यामुळे," म्हणायचा.

मी सगळ्यांच्या नकला करते, पण गेल्या वर्षी मला मामाची नक्कल येईनाशी झाली. कुणाची नक्कल करायची तर धरायला काहीतरी लागतं. माणूस श्वास कुठे घेतो, कुठला शब्द ओढतो, कुठल्या अक्षरावर नाक वापरतो. मामाचं सगळं सपाट झालं होतं. वाक्य सुरू व्हायचं आणि शेवटचा शब्द यायच्या आत विझायचं. "ताई, मी जरा..." जरा काय? पडतो? बाहेर जातो? कुणास ठाऊक. उरला होता तो एकच शब्द: सॉरी. चहा उतू गेला, सॉरी. चहा मीच टाकला होता, तरी सॉरी त्याची. एकदा अंधारात दाराला खांदा लागला तर दाराला म्हणाला, "सॉरी हं." मी हसले. मग आईकडे बघितलं आणि हसायची थांबले.

आईने त्याला डॉक्टरांकडे नेलं आणि मलाही बरोबर घेतलं, कारण डॉक्टरांसमोर आईचे कान बंद पडतात आणि मला ऐकलेलं शब्दाला शब्द आठवतं. डॉक्टर तरुण होते आणि आगगाडीसारखे बोलत होते, स्टेशनं न घेता. प्रत्येक डबा संपला की "पटतंय?"

"हे डिप्रेशन आहे, आळस नाही, नाटक नाही, पटतंय? गोळीचं नाव सर्ट्रालीन. खूप जणांना देतात, जुनी आहे, माहितीतली आहे. जादू नाही. सगळ्यांना लागू पडत नाही, नाही पडली तर दुसरी बघू. हिचा स्वभाव उलटा आहे. त्रास आधी, गुण नंतर. मळमळेल, झोप बिघडेल, जांभया येतील. गुण यायला चार आठवडे, कधी सहा. मधे वाटेल काही होत नाहीये, सोडावी. सोडायची नाही. बरं वाटलं तरी सोडायची नाही. थांबवायची वेळ आली की आपण दोघं मिळून थांबवू, पायरी-पायरीने. आणि स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं, तर नंबर लावायचा नाही, त्याच क्षणी फोन. पटतंय?"

मामाने एवढ्या सगळ्यात एकच शब्द विचारला. "गाडी?"

"शिकवता? मग सुरुवातीचे दिवस नको. अंगाला कशी बसते ते बघा, मग बसा."

घरी येताना बसमध्ये मामा खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "लोकांचं काहीतरी गेलेलं असतं गं. कुणाची बायको, कुणाची नोकरी. माझं काय गेलं? काही नाही. आणि मी गोळी घेणार." जणू दुसऱ्या कुणाच्या ताटातलं उचलून खात होता.

कामावर त्याने पोट बिघडलं म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं, मळमळ होतच होती. अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं तो खिशात घेऊन फिरला, आणि पुढे सगळं नडलं ते याच अर्ध्यामुळे.

महिनाभर काही झालं नाही. म्हणजे मळमळ थांबली, जांभया सुरू झाल्या, मामा तसाच. आई रोज त्याच्याकडे भाताच्या शितासारखं बघायची, शिजलंय की नाही. मग एका सकाळी न्हाणीघरातून आवाज आला, "ताई, हा साबण कुणी आणला? याला ओल्या कुत्र्याचा वास येतोय!"

पूर्ण वाक्य. शेवटच्या शब्दासकट, आणि शेवटच्या शब्दावर चढ. मी दात घासता-घासता जशीच्या तशी नक्कल केली, "ओल्या कुत्र्याचा वास येतोय!", आणि ती जमली! आत मामा हसला. आई पाठ करून उभी राहिली आणि रिकाम्या भांड्यात बराच वेळ नळ सोडून ठेवला.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती मजा. मामाला जांभया यायच्या त्या झोपेच्या नव्हत्या. ठणठणीत जागा असायचा, बोलता-बोलता जबडा आपोआप उघडायचा, आणि जांभई संपली की वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे. जेवायला बसलो की त्याची बघून आईला, आईची बघून मला. आमच्या घरात कुणी आलं असतं तर ही माणसं आपल्याला कंटाळली म्हणून उठून गेलं असतं. गाडीत तर विचारू नका. सिग्नलला मामा, शिकाऊ आणि मागे बसलेले दोघं, चौघांचीही तोंडं एकदम उघडलेली, आणि शेजारचा टेम्पोवाला आत डोकावून बघतोय.

आणि ब्रेक. मामा थांबायला लागला. "आधी त्यांचा पाय, मग माझा," असं तो मला सांगायचा, जेवता-जेवता पाय हलवून दाखवत. मांजर दिसलं तर तो शिकणाऱ्याकडे बघायचा. शिकणारा मांजराकडे बघायचा. शिकणाऱ्याचा पाय पडायचा, आणि मामाचा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला राहायचा, न दाबता. मुलं पास व्हायला लागली. स्कूलच्या मालकीणबाई, ज्यांचा आवाज बारा महिने बसलेला असतो आणि तरी त्या ओरडतात, त्या म्हणाल्या, "आधीच सर, काय खाताय काय आजकाल? आम्हालाही सांगा!" मामा कानापर्यंत लाल झाला. सांगितलं नाही.

पुढच्या तपासणीला मामा एकटाच गेला. मी बरोबर नव्हते, त्यामुळे डॉक्टर काय बोलले ते आमच्या घरात एकट्या मामाला माहीत होतं. घरी येऊन त्याने एवढंच सांगितलं की गुण चांगला आहे, थोडा उरलाय, म्हणून ताकद वाढवली. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं होतं: ताकद वाढली की पुन्हा पहिल्यासारखं, दोन-तीन दिवस गाडीपासून लांब. हे तो आम्हाला बोलला नाही. मालकीणबाईंना काय सांगणार? पुन्हा पोट? आणि परीक्षा तोंडावर आलेल्या. दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा गेला.

त्या दिवशी गाडीत मुख्याध्यापिका बाई होत्या. निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर त्यांची गाडी खाली उभी होती आणि ती दुसऱ्या कुणी चालवलेली बाईंना सहन होईना, म्हणून या वयात शिकत होत्या. दुकानासमोर कडेला लावायची होती. बाईंनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. मामा "ब्रेक!" म्हणून ओरडला, त्याचा पायही पडला, पण जरा उशिरा. गाडी फुटपाथवर चढली आणि खांबाला टेकली. फार जोरात नाही. तरी बाईंचं मनगट मोडलं.

त्याच्या जरासं आधी त्याला जांभई आलेली. तीच दुकानदाराने पाहिली.

मामाने त्याच संध्याकाळी गोळ्या बंद केल्या. पायरी-पायरीने नाही, एकदम. कुणाला बोलला नाही. स्कूलमध्ये म्हणाला, मी गाडीत बसणार नाही, मला ऑफिसचं काम द्या. मालकीणबाईंनी दिलं. त्यांना वाटलं, घाबरलाय, जाईल. तो काउंटरवर बसून लोकांना सांगायचा की फोटो दोन आणा, पासपोर्ट साइझ. त्याच्या गाडीवर नवा शिक्षक आला.

मला कळलं ते कानामुळे. मामाच्या वाक्यांची शेपटं पुन्हा गळायला लागली. शिवाय नवीनच एक गोष्ट: तो चिडायला लागला. हा माणूस आयुष्यात कधी मच्छरावर ओरडला नव्हता, तो फ्रिजच्या दारावर ओरडला. मग फ्रिजला सॉरी म्हणाला. जिन्यात मान वळवताना कठड्याला घट्ट धरायचा. मी जिन्यातच गाठलं.

"मामा, गोळी घेतोस ना?"

"घेतो."

"आज घेतलीस?"

तो पायरीवर बसला. "डोळे हलवले की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं," म्हणाला. "झर्र करून. चालताना जमीन जरा मागून येते."

"मग सोडलीस कशाला? डॉक्टर काय म्हणाले होते, 'सोडायची नाही, पटतंय?'" मी डॉक्टरांच्या आवाजातच म्हणाले. एरवी हसला असता.

"तुला कळत नाही," तो म्हणाला. "मी पूर्वी कसा होतो? भित्रा. सगळं आधीच दाबायचो. पोरं नापास व्हायची, पण कुणाचं हाड मोडलं नाही कधी. गोळीने मला निवांत केलं. माझा पाय थांबायला शिकला. आणि थांबला, नको तिथे. मला बरं वाटत होतं ना, म्हणून झालं ते. बाईंच्या मनगटाच्या जिवावर बरं वाटत होतं मला."

"असं कुठे असतं?"

"आणि डॉक्टरांनी बसू नका म्हणून सांगितलं होतं." मग त्याने ते सांगितलं, जे वर लिहिलं आहे. सांगताना माझ्याकडे नाही, कठड्याच्या गजाकडे बघत होता.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. तेवढ्यात तो म्हणाला, "बाईंना सांगायला पाहिजे सगळं. मी रोज जातो त्यांच्या बिल्डिंगखाली. खालूनच परत येतो. वर चढवत नाही."

त्या चक्कर येणाऱ्या डोक्याने त्याला एकटं सोडणं शक्य नव्हतं. आई कामावर होती. मी चप्पल घातली.

बाईंचं घर म्हणजे शाळाच, फक्त मुलं नाहीत. सगळं काटकोनात. बाई उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवून डाव्या हाताने शब्दकोडं सोडवत होत्या, आणि अक्षर चौकटीबाहेर गेलं की "छे!" म्हणून स्वतःलाच दटावत होत्या. त्यांचं बोलणं शब्दाला शब्द न चिकटवता, मधे फळा पुसायला वेळ ठेवल्यासारखं.

"बसा. तू. कोण?"

"भाची."

"नीट बस. पाठ."

मी पाठ सरळ केली. मामाने तर दारातच केली होती. मग त्याने सुरुवात केली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला एवढं सलग बोलताना ऐकलं. गोळी. कशासाठी. जांभया. ताकद वाढवलेली. डॉक्टरांनी काय बजावलेलं. तरी बसलो. पाय उशिरा पडला. "सगळी चूक माझी आहे, बाई. तुम्ही तक्रार करा. मी लिहून देतो. गोळी बंद केली आहे, गाडीत परत बसणार नाही."

बाईंनी कोड्याचा कागद बाजूला सारला.

"झालं?"

"हो."

"तुम्ही 'ब्रेक' म्हणून ओरडलात. मला ऐकू आलं. ब्रेक कुठे आहे ते मला माहीत होतं. मी दुसरंच दाबलं. ही कोणाची चूक?"

"बाई, शेजारी मी होतो..."

"मी प्रश्न विचारला."

मामा फरशीच्या काटकोनांकडे बघू लागला.

"सगळी नोकरी मी असले शिक्षक पाहिले," बाई म्हणाल्या. "मुलाचं गणित चुकलं की 'मीच नीट शिकवलं नाही.' वाटतं किती मोठं मन! मुलगा मोकळाच राहतो आणि गणित तसंच राहतं. इतके दिवस सगळे मला काय म्हणतात? बिचाऱ्या बाई, मास्तर झोपला. मला कुणी विचारलंच नाही की बाई, तुमचा पाय कुठे होता. माझी चूक मला परत द्या. मला ती हवी आहे. तिच्याशिवाय मी शिकणार कशी?"

मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं सुटला. पण बाईंचं झालं नव्हतं.

"आता तुमची. डॉक्टरांनी बसू नका सांगितलं, तुम्ही बसलात. मालकिणीला सांगितलं नाहीत. मला सांगितलं नाहीत, आणि तुमच्या शेजारी मी बसणार होते. ती तुमची. ती मी घेणार नाही, माफही करणार नाही, निदान हे प्लास्टर आहे तोवर. ती नीट सांभाळा. पण तेवढीच, जास्त नाही." मग डाव्या हाताने पेन्सिल त्याच्याकडे रोखून, "आणि गोळी तुम्ही स्वतःहून बंद केलीत?"

"हो."

"डॉक्टरांचं ऐकलं नाही म्हणून चूक झाली, आणि प्रायश्चित्त म्हणून पुन्हा डॉक्टरांचं ऐकलं नाही." बाई माझ्याकडे वळल्या. "हा तुझा मामा शाळेत कसा होता?"

"तेव्हा मी नव्हते, बाई."

"कसा होता ते दिसतंयच." एवढं बोलून त्या शब्दकोड्याकडे वळल्या, म्हणजे तास संपला.

डॉक्टरांकडे मी मुद्दाम आत गेले. या वेळी आगगाडी हळू चालली. एकदम सोडल्यामुळेच डोक्यात विजा, चिडचिड आणि चक्कर, असं त्यांनी सांगितलं. चटक लागलीय असा त्याचा अर्थ नाही, शरीराला सवय झालेली असते, तिला उतरायला जिना लागतो, तुम्ही गच्चीवरून उडी मारलीत. पुन्हा कमी ताकदीपासून सुरू करायचं ठरलं. मग मामाने जे विचारायला तो खरं तर आला होता ते विचारलं.

"डॉक्टर, गोळी घेतली नसती तर माझा पाय वेळेवर पडला असता का?"

डॉक्टरांनी "पटतंय?" म्हटलं नाही. चष्मा काढला. "माहीत नाही. ताकद वाढवल्यावर काहींना सुरुवातीला सुस्ती येते, काहींना उलट बेचैनी, काहींना काहीच नाही. म्हणून तर थांबा म्हणालो. त्या क्षणी तुमच्या पायात काय होतं ते मी सांगू शकत नाही, सांगितलं तर थाप ठरेल. एवढं सांगतो, उपचार न घेतलेलं डिप्रेशनही माणसाला चाकामागे सुरक्षित ठेवत नाही. तुम्ही पूर्वी सावध होतात की आजारी होतात, याचा विचार करा."

मामाला हवं होतं ते उत्तर यापैकी कुठलंच नव्हतं. हो असतं तर त्याने आयुष्यभर स्वतःला बडवून घेतलं असतं, नाही असतं तर सुटला असता. "माहीत नाही" घेऊन तो घरी आला. ते अजून त्याच्याकडे आहे. अधूनमधून जेवताना त्याचा घास थांबतो, तेव्हा मला कळतं की ते बाहेर काढून बघतोय.

मालकीणबाईंना त्याने दुसऱ्याच दिवशी सांगितलं. त्या बसलेल्या आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडल्या. "आधी सांगितलं असतंस तर दोन दिवस ऑफिसात बसवला असता, एवढीशी गोष्ट! पोट म्हणे पोट! मी तुझं पोट बिघडलं म्हणून घरून ताक पाठवत होते, गाढवा!" डॉक्टर लेखी देतील तेव्हाच गाडी, आणि गोळी बदलली, वाढवली, कमी केली की आधी मला सांगायचं, मग गोळी घ्यायची, असा हुकूम झाला. तोवर काउंटर, फोटो दोन, पासपोर्ट साइझ.

पण खरी अडचण हुकमाची नव्हती. या वेळी गुण यायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला, शेवटी आला. डॉक्टरांनी लेखी दिलं. साबणावर टीकाही सुरू झाली. आणि मामा काउंटरवरून उठेना. "नवा शिक्षक बरा शिकवतो," म्हणायचा. "माझी तिथे काय गरज?" वाक्य पूर्ण असायचं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत, आणि खोटं असायचं. आईने समजावलं, मालकीणबाई ओरडल्या, मी मालकीणबाईंसारखी ओरडले. तो हलला नाही. त्याला वाटत होतं, शिक्षा म्हणून एवढं तरी राहू दे.

मग एके दिवशी बाई काउंटरवर आल्या. प्लास्टर निघालेलं, मनगट बारीक आणि पांढरं. फोटो दोन, पासपोर्ट साइझ, त्यांनी स्वतःहून पुढे ठेवले.

"मला उरलेले तास पूर्ण करायचे आहेत. तुमच्याकडे."

"बाई, नवीन सर आहेत..."

"त्यांनी मला 'आजी' म्हटलं." बाईंनी हे असं सांगितलं की विषय संपला. "आज तुम्ही गोळी घेतलीत?"

"हो."

"ताकद बदलली आहे?"

"नाही."

"झोप?"

"झाली."

"चला."

हे सगळं भरल्या ऑफिसात झालं, रांगेतल्या पाच-सहा जणांसमोर, आणि मामाने प्रत्येक उत्तर मोठ्याने दिलं. तो उठला. किल्ली घेतली. त्यानंतर दर तासाला बाई आधी हेच विचारतात आणि मगच सीटचा पट्टा लावतात. मामा मनगट कसं आहे ते विचारतो. "थंडीत दुखतं," बाई सांगतात. खरं तेच सांगतात, कमी नाही, जास्त नाही. मामा मान हलवतो. मग गाडी सुरू होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, बाई नापास होणार. गाडी येते त्यांना, प्रश्न तो नाही. पण त्या परीक्षकाला शिकवायला जाणार, आणि परीक्षकाला ते खपणार नाही. मामा म्हणाला, पहिल्या फटक्यात पास. "लाव पैज," मी म्हणाले. मी जिंकले तर त्याने खालच्या काकूंच्या दारात उभं राहून खणखणीत आवाजात सांगायचं की हो, घेतो गोळी, तुम्हाला हवी का. तो जिंकला तर महिनाभर मी कुणाची नक्कल करायची नाही.

मैदानाच्या कडेला आम्ही दोघं उभे होतो. शेजारच्या सीटवर परीक्षक, आणि त्याच्या पायाखाली मामाचा ब्रेक, जो तो वापरणार नव्हता. गाडी निघाली, वळली, चढावर थांबली, मागे गेली, कडेला लागली. खांब नव्हता तिथे, फक्त पांढरी रेघ. रेघेच्या आत थांबली. काच खाली आली आणि बाईंचा आवाज मैदानभर ऐकू आला: "पट्टा. तुम्ही. लावला. नाहीत."

मी जिंकलेच. निदान तेव्हा मला तसं वाटलं. परीक्षक खाली उतरला, तोंड पाडून, आणि मामाला म्हणाला, "काय हो, माझ्या शाळेत होत्या या बाई." आणि पास केलं.

मामाने मैदानाकडे पाठ करून नाक शिंकरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आजपासून."

तर महिनाभर माझं तोंड बंद आहे. दुकानदार नाही, डॉक्टर नाही, बाई नाहीत, मामाही नाही. लिहिण्याबद्दल मात्र आमचं काही ठरलं नव्हतं.